सिंथेसिसचं हजार पानी पुस्तक घ्यावं का? जरा लांबलेलं उत्तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवता, घरी लॅपटॉपवर ट्रॅक करता. सिंथेसिसवरचं, म्हणजे यंत्रानं आवाज घडवण्यावरचं, कर्टिस रोड्स यांचं 'द कम्प्युटर म्युझिक ट्युटोरियल' घ्यायचं मनात आहे. १९९६ची पहिली आवृत्ती ओळखीतून जुनी मिळतेय. २०२३ची दुसरी आवृत्ती नवी कोरी मागवता येते, पण किंमत बघून हात आखडतो. बरोबरचे वादक म्हणतात, यूट्यूबवर सगळं फुकट असताना हे धूड कशाला? आणि जाता जाता तुम्ही एक वाक्य टाकलंय: "वर्षानुवर्षं प्रीसेट चाळतोय, पण मनातला टोन काही हाताला लागत नाही."

खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. नवं की जुनं, छापील की पीडीएफ, हे सगळं नंतरचं. नॉब फिरवायच्या आधी, तो फिरवल्यावर काय ऐकू येईल याचा अंदाज तुम्हाला बांधता येत नाही, म्हणून प्रीसेट, म्हणजे यंत्रातले तयार टोन, चाळत बसावं लागतं. व्हिडिओ बघून हे दुखणं जात नाही, कारण बहुतेक व्हिडिओ कुठल्या तरी एका प्लगइनचे, म्हणजे आवाज घडवणाऱ्या एका सॉफ्टवेअरचे, असतात. तो माणूस सांगतो, हा नॉब साठवर न्या, तो तीसवर. आपण नेतो, आवाज येतो, मजा येते. दुसऱ्या दिवशी दुसरा सिंथ (सिंथेसायझर) उघडला की पहिले पाढे पंचावन्न.

मी जाहिरातींसाठी आणि नाटकांसाठी आवाज तयार करतो, अधूनमधून शिकवतोही. माझं उत्तर त्या कामातून आलेलं आहे. संशोधक किंवा प्राध्यापक कदाचित वेगळं सांगतील. आणि पुस्तकाशिवाय चांगलं काम होतच नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेऊन रागांची डिस्को ठेक्यावरची रेकॉर्ड केली. तेव्हा हे पुस्तक यायला अजून चौदा वर्षं होती. हात आणि कान तयार असलेल्या माणसाचं अडत नाही. तुमचं मात्र अडलंय, म्हणून पुढचं सांगतो.

एक उदाहरण नीट घेऊ: एफएम, म्हणजे फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन, एका लहरीनं दुसरीची फ्रीक्वेन्सी हलवून आवाज घडवायची युक्ती. तुमच्या कीबोर्डमधले घंटेचे, मॅरिम्बाचे आणि ऐंशीच्या दशकातल्या इलेक्ट्रिक पियानोचे टोन ऐकताना तुम्ही एफएमच ऐकत असता, निदान त्याची नक्कल तरी. जॉन चाउनिंग यांना स्टॅनफर्डमध्ये ही युक्ती १९६७ मध्ये सापडली, लेख १९७३ मध्ये छापून आला, यामाहानं तिचे हक्क घेतले आणि १९८३ मध्ये डीएक्स७ हा सिंथ बाजारात आला. सहा ऑपरेटर (लहर निर्माण करणारे घटक), बत्तीस अल्गोरिदम (ते एकमेकांना जोडायच्या रचना). जगभर खपला आणि जगभर लोकांनी त्याचे तयार टोनच वाजवले, कारण आत हात घालायची कुणाची छाती होत नव्हती. आज डेक्स्ड नावाचा त्याचा फुकट अवतार मिळतो. तो उतरवून घ्या आणि कागद-पेन्सिल जवळ ठेवा.

दोन ऑपरेटर पुरेत. एक कॅरियर, म्हणजे जो ऐकू येतो तो. दुसरा मॉड्युलेटर, जो पहिल्याची फ्रीक्वेन्सी हलवत राहतो. नियम एवढाच: कॅरियरच्या फ्रीक्वेन्सीत मॉड्युलेटरची एकपट, दुप्पट, तिप्पट मिळवत जायची आणि तशीच वजाही करत जायची. जे आकडे येतील तिथे सूर उमटतात. आकडा उणे आला तर उणे चिन्ह सोडून द्या. फेज उलटते, पण सूर त्याच ठिकाणी ऐकू येतो.

कॅरियर २०० हर्ट्झ, मॉड्युलेटर ४००. बेरजा: ६००, १०००, १४००. वजाबाक्या: उणे २००, उणे ६००, उणे १०००. म्हणजे हाती आले २००, ६००, १०००, १४००. सगळे विषम हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या विषम पटी. क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकातला तो पोकळ, लाकडी आवाज ओळखीचा आहे ना? तो इथून येतो. आता मॉड्युलेटर २०० करा. बेरजा ४००, ६००, ८००, वजाबाक्या शून्य, २००, ४००. सगळे हार्मोनिक्स हजर, आवाज भरलेला, ब्रासकडे झुकणारा. आणि आता मॉड्युलेटर २८० करा. ४८०, ७६०, १०४० आणि वजाबाकीतून ८०, ३६०, ६४०. या आकड्यांची एका षड्जाभोवती मोट बांधायला कानाला जमत नाही. घंटा! चाउनिंग यांच्या लेखातली घंटा याच आकड्यांची आहे: २०० आणि २८०, पंधरा सेकंदांची, आणि मॉड्युलेशनचं प्रमाण १० पासून शून्यापर्यंत उतरत जाणारं.

ते उतरणंही महत्त्वाचं. मॉड्युलेशन किती जोरात, त्यावर किती सूर जागे होतात ते ठरतं. खऱ्या घंटेत टोला पडताच सगळं खणखणतं आणि मग वरचे सूर आधी विझतात. म्हणून आवाजाबरोबर मॉड्युलेशनही खाली आणायचं. ब्रासमध्ये फुंक वाढली की आवाज नुसता मोठा होत नाही, उजळतो, म्हणून तिथे मॉड्युलेशन आवाजाबरोबर वर चढतं. तुमच्या ऑर्केस्ट्रात ब्रासचे पीस कीबोर्डवर वाजवताना ते प्लास्टिकसारखे का वाटतात याचं निम्मं उत्तर इथे आहे. बऱ्याच टोनमध्ये व्हेलॉसिटी, म्हणजे की किती जोरात दाबली ते, फक्त आवाजाला जोडलेली असते, उजळपणाला नाही.

डेक्स्डमध्ये हे करून बघा. कोरा पॅच घ्या, अल्गोरिदम १, ऑपरेटर ३ ते ६ बंद. पहिला कॅरियर, दुसरा मॉड्युलेटर. दुसऱ्याचा रेशो १, मग २, मग १.४० करा आणि त्याची आउटपुट लेव्हल हळूहळू वाढवत न्या. पण प्रत्येक वेळी आधी कागदावर आकडे मांडा, मग की दाबा.

आता याचा पुस्तकाशी संबंध. एवढं तर मीच इथे फुकटात सांगितलं! खरंय. पण पुढची अडचण आली की अशा सुट्या फुकट टिपांची वाट संपते. हीच घंटा दहापट वर वाजवा: कॅरियर २०००, मॉड्युलेटर २८००, मॉड्युलेशन तेवढंच. आता ती घंटा वाटत नाही. खरखर येते, कुठून तरी भलतेच खालचे सूर ऐकू येतात. असं का? मॉड्युलेशन १० असताना दखल घ्यावी असे सूर साधारण अकराव्या बेरजेपर्यंत जातात. २००० अधिक अकरा गुणिले २८००, म्हणजे ३२,८०० हर्ट्झ. पण ४४,१०० च्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तितके आकडे घेताना, त्याच्या निम्म्याच्या, २२,०५० च्या, वर जागाच नाही. ३२,८०० चा सूर दुमडून खाली येतो आणि ११,३०० वर उमटतो, जिथे त्याचं काही काम नव्हतं. म्हणून मॉड्युलेशन वरच्या पट्ट्यांत कमी करायला हवं. डीएक्स७ मध्ये 'कीबोर्ड लेव्हल स्केलिंग' नावाचा जो भाग कुणी उघडत नाही, तो याच कामाचा.

व्हिडिओतला माणूस म्हणेल, ओव्हरसॅम्पलिंग (आतला हिशेब जास्त सॅम्पल रेटला करणं) चालू करा. चूक नाही, पण ते औषध झालं, निदान नाही. निदान करायला एफएमचा नियम, सॅम्पलिंगचा नियम आणि कानाचा स्वभाव या तीन गोष्टी एकमेकींना जोडाव्या लागतात. रोड्स यांच्या पुस्तकात त्या एकाच ठिकाणी, एकमेकींना धरून मांडलेल्या आहेत. डिजिटल ध्वनीची मूलतत्त्वं आधी, मग सिंथेसिसच्या पद्धती एकामागून एक, मग मिक्सिंग आणि प्रोसेसिंग, मग विश्लेषण, वाद्य हाताळायची साधनं, आणि शेवटी फूरियेवर परिशिष्ट. माहिती जालावर ढीगभर आहे. क्रम नाही. मी पैसे मोजले ते क्रमाचे.

क्रम लावणारा माणूस कोण, हेही बघायला हवं. रोड्स १९७८ पासून 'कम्प्युटर म्युझिक जर्नल'चे संपादक होते. या विषयात जगात जे काही नवं लिहिलं जात होतं त्यातलं बरंचसं छापायच्या आधी त्यांच्या टेबलावरून जात होतं. शिवाय ते स्वतः संगीतकार. ग्रॅन्युलर सिंथेसिस, म्हणजे आवाजाचे काही मिलिसेकंदांचे कण करून त्यांचे ढग उभे करायची पद्धत, ती संगणकावर त्यांनी सत्तरच्या दशकातच करून पाहिली होती. त्यामुळे त्या भागात नुसतं वर्णन नाही, हात घातलेल्या माणसाचा सल्ला आहे. गणित बेताचं आहे. तुमच्यासारख्या इंजिनिअरला एखाद वेळी ते कमीच वाटेल.

नाटकातलं एक काम सांगतो, म्हणजे हे वहीतलं ज्ञान पोटापाण्याला कसं येतं ते कळेल. दिग्दर्शिकेला देवळातली घंटा हवी होती. ती वाजते, आणि वाजता वाजताच तिचा माणसाच्या गुणगुणण्यासारखा एकच सलग सूर होतो. सॅम्पल लायब्ररीत घंटा शेकड्यांनी आहेत, पण सॅम्पल म्हणजे फोटो, त्यात वळायची सोय नाही. क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज विझवत दुसरा चढवणं, करून पाहिला तर दोन आवाज एकमेकांवरून जाताना स्पष्ट कळायचे. एफएममध्ये मात्र मॉड्युलेटरचा रेशो १.४ वरून सावकाश १ वर आणला. विखुरलेले सूर सरकत सरकत हार्मोनिक्सच्या जागी जाऊन बसले आणि घंटेचा सूर झाला. कुठल्याही प्रीसेटमध्ये हे सापडलं नसतं, कारण शोधायला कुठलं नाव टाकणार? वरची बेरीज-वजाबाकी डोक्यात असल्यामुळे हे शक्य आहे हे आधीच माहीत होतं.

इथवरचा अर्थ एवढाच, की हे पुस्तक तुम्हाला टोन देणार नाही, टोनचा अंदाज बांधायला शिकवेल. तुम्हाला परवाच्या कार्यक्रमासाठी बासरीचा टोन हवा असेल तर पुस्तक घेऊ नका, चांगली लायब्ररी घ्या. तुम्ही ट्रॅक करता ते मुख्यतः लूप जोडून, आणि त्यात समाधानी असाल, तरी घेऊ नका. उगीच कपाटात पडेल.

आता पुस्तक कुठे अपुरं पडतं ते. आपल्या वाद्यांसाठी त्यात तयार काही शोधू नका. पण पाया मिळतो. तारेचा आवाज करायची सगळ्यात सोपी कृती केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांची, १९८३ची. ठरावीक लांबीच्या, म्हणजे ठरावीक घरांच्या, रांगेत रँडम आकडे भरायचे, रांग फिरवत राहायची आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी घेऊन परत आत सोडायची. एवढ्यावर तार छेडल्यासारखा आवाज येतो! पहिल्यांदा ऐकलं की विश्वास बसत नाही. रांगेच्या लांबीत सरासरीचं अर्धं घर मिळवायचं आणि सॅम्पल रेटला त्यानं भागायचं, की सूर निघतो. काळी एकच्या खालच्या षड्जाला, १३८.६ हर्ट्झला, ३१८ घरं लागतात आणि चूक दीड-दोन सेंटची येते (सेंट म्हणजे कीबोर्डवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). चालतं.

पण ८८० हर्ट्झला पन्नास घरं येतात, आणि सूर लागतो ८७३ ला. तेरा सेंट उतरलेला. ऑर्केस्ट्रात हे खपून जाईल असं वाटत असेल तर हिशेब असा बघा: हार्मोनियमचा गंधार आणि तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार यांच्यात साधारण तेवढंच अंतर असतं. ज्या फरकावरून आपल्याकडे हार्मोनियमवर इतकी वर्षं वाद झाले, तोच फरक इथे रांगेत अर्धं घर घेता येत नाही म्हणून पडतो. त्यावरचा इलाज, एक छोटा ऑल-पास फिल्टर (सुरांचा जोर न बदलता त्यांना किंचित उशीर लावणारा) लावून अर्धंमुर्धं घर मिळवायचं, हा डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी त्याच जर्नलच्या त्याच अंकात दिला. संपादक अर्थात रोड्स.

आणि एवढं करूनही तंबोरा होत नाही. गिटार होते, फार तर. जवारी, तंबोऱ्याची ती झणझण, कुठाय? सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवलं होतं की तंबोऱ्याच्या रुंद, गोलसर घोडीमुळे आणि खालच्या दोऱ्यामुळे असे उपस्वर ऐकू येतात जे साध्या तारेच्या नियमानं त्या ठिकाणी छेडल्यावर यायलाच नकोत. तार घोडीवर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, त्यामुळे कंप पावणारी लांबी क्षणाक्षणाला बदलते. सिंथेसिसच्या भाषेत, रांगेची लांबी आवाजाच्या जोरानुसार हलती ठेवायला हवी. इथून पुढचं काम तुमचं. पण "लांबी हलती ठेवायला हवी" हे वाक्य सुचायला आधी रांग म्हणजे काय ते कळलेलं असावं लागतं. माझ्या ओळखीचे काही जण नुसता ईक्यू मारून, म्हणजे काही पट्टे वर-खाली करून, जवारी काढायला बघतात. नाही निघत.

जुन्या आवृत्तीबद्दल. सिंथेसिसचे, सॅम्पलिंगचे, विश्लेषणाचे भाग शिळे होत नाहीत. एफएममधला कुठला सूर किती जोरात येईल ते सांगणारं बेसेल फंक्शन १९९६ मध्ये होतं तेच आज आहे. शिळं झालंय ते यंत्रांचं वर्णन: तेव्हाचे संगणक, ध्वनीचं गणित करणाऱ्या तेव्हाच्या डीएसपी चिप, डिस्कवर किती मिनिटं मावतात वगैरे. स्टाइनबर्गनं व्हीएसटी हे प्लगइनचं तंत्र आणलं तेही १९९६ मध्येच, त्यामुळे प्लगइनच्या आजच्या जगाची पहिल्या आवृत्तीत अपेक्षाच ठेवू नका. दुसरी आवृत्ती अर्थातच सुधारलेली आहे. पण तुमची अडचण जी आहे, टोनचा अंदाज न येणं, तिला पहिली आवृत्ती पुरते. पैसे वाचतील त्यात एखादा बरा हेडफोन घ्या. एफएमच्या वरच्या सुरांतली खरखर लॅपटॉपच्या स्पीकरवर नीट ऐकू येत नाही.

तुम्हाला पुढे कोड लिहायचा असेल, टीन्सीसारख्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर स्वतःचा सिंथ करायचा असेल, तर उत्तर थोडं बदलतं. मग हाल चेंबरलिन यांचं 'म्युझिकल अ‍ॅप्लिकेशन्स ऑफ मायक्रोप्रोसेसर्स' बघा. १९८०चं, दुसरी आवृत्ती १९८५ची. त्यातले प्रोसेसर आता संग्रहालयात शोभतील, पण त्यांचा स्टेट व्हेरिएबल फिल्टर आजही लोक वापरतात. चार ओळींचा कोड, आणि त्यातून लो-पास, हाय-पास, बँड-पास (अनुक्रमे खालचे, वरचे, मधले सूर जाऊ देणारे) सगळे एकदम मिळतात. एकच काळजी घ्यायची: कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून कापायला लागतो ती फ्रीक्वेन्सी, सॅम्पल रेटच्या सहाव्या भागाच्या, म्हणजे ४४,१०० ला साधारण ७,३५० हर्ट्झच्या पुढे गेला की तो बिथरतो. प्रत्येक सॅम्पलला दोनदा चालवला की बराच वरपर्यंत शहाण्यासारखा वागतो.

आणि खर्च करायचाच नसेल, तर मिलर पकेट यांचं 'द थिअरी अँड टेक्निक ऑफ इलेक्ट्रॉनिक म्युझिक' त्यांनी स्वतःच जालावर मोफत ठेवलंय, प्युअर डेटा या मोफत सॉफ्टवेअरमधल्या उदाहरणांसह. तुमच्या शिक्षणाला ते झेपेल. रोड्सपेक्षा गणित जास्त, गप्पा कमी. फुकट आहे म्हणून हलकं समजू नका. मी तर म्हणेन, ज्याला त्रिकोणमितीची भीती वाटत नाही त्यानं तिथूनच सुरुवात करावी.

वाचायचं कसं, हे विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. पहिल्या पानापासून सुरुवात करतात, दोनशे पानांत दमतात. पंचांग कुणी पाडव्यापासून ओळीनं वाचत नाही, आजची तिथी काढून बघतं. तसं करा. समोर एक आवाज ठेवा, तुमच्याच ऑर्केस्ट्रातला, जो तुम्हाला हवाय आणि मिळत नाहीये. तो कशानं बनलाय ते सूचीतून शोधा, तेवढी दहा-बारा पानं वाचा, कागदावर आकडे मांडा, मगच सिंथ उघडा. अंदाज आणि कान जुळले नाहीत तर परत त्याच पानावर. छापील पुस्तकाचा फायदा मला इथे जाणवतो. ते कीबोर्डशेजारी उघडं पडून राहतं, आकृती आणि मजकूर एकत्र दिसतात, आणि मोकळ्या कडेला आपले आकडे लिहिता येतात. पीडीएफमध्ये शब्द पटकन सापडतो, हे मान्य. पण ज्या शब्दाचं नाव माहीत नाही तो कसा शोधणार?

तर तुमच्या बाबतीत मी असं करेन. ओळखीच्या माणसाकडून ती जुनी प्रत आठवडाभर उसनी मागेन. मॉड्युलेशनचा भाग आणि कार्प्लस-स्ट्राँगचा भाग, एवढेच दोन, डेक्स्ड उघडं ठेवून वाचेन. आठवडाभरात तिसरं प्रकरण आपणहून उघडलं गेलं तर विकत घेईन, नाही तर आभार मानून परत करेन आणि पकेटचं उतरवून घेईन. घ्यायचं ठरलंच तर शेवटची पानं तपासून घ्या. एवढ्या जाड पुस्तकाची शिवण आधी मागून सुटते, आणि सूचीची पानं गळली असतील तर भावात चांगली घासाघीस करा.